चौदा आण्यांचा प्रयोग

महिपतराव सुर्वे यांना 'मला माहीत नाही' असे म्हणताना रत्नागिरीत कोणीही ऐकलेले नव्हते. बोट बंदरात उशिरा का लागली, फणसाला यंदा कोवळ्या कुयऱ्याच का धरल्या, विलायतेत सरकार का बदलले, काहीही विचारा, महिपतरावांपाशी उत्तर तयार असे. ते बरोबर असेच असे नाही. पण ते ज्या आवाजात दिले जाई, त्या आवाजापुढे बरोबर-चूक हा प्रश्न जरा क्षुद्र वाटे.

गावाबाहेरच्या उंच कातळी सड्यावर आंब्याची एक सरकारी प्रयोगशाळा होती. चिऱ्याच्या दोन खोल्या, वर कौले, आत एक तराजू, एक टेबल, एक कपाट आणि महिपतराव. प्रयोगशाळेचे प्रमुख पुण्याला असत आणि वर्षातून एकदा मोटारीने येत. बाकीचे दिवस प्रयोगशाळा म्हणजे महिपतराव आणि महिपतराव म्हणजे प्रयोगशाळा. त्यांच्या हुद्द्याचे नाव 'प्रयोगशाळा साहाय्यक, हंगामी' असे होते. त्यातला शेवटचा शब्द ते उच्चारीत नसत. दर जूनमध्ये त्यांची नेमणूक संपे आणि ऑक्टोबरात नव्याने हुकूम येई. मधले चार महिने महिपतराव गावात 'रजेवर' असत. अशी सात वर्षे गेली होती.

एकोणीसशे चौतीस सालच्या मार्चमध्ये पुण्याहून पत्र आले. मुंबईच्या एका कॉलेजला शास्त्र शाखेचे दोन विद्यार्थी सहा आठवडे प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणासाठी प्रयोगशाळेत पाठवायचे होते. राहण्याची, शिकवण्याची सोय आहे काय, ते उलट टपाली कळवावे. खाली प्रमुखसाहेबांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी जोडल्या होत्या. विद्यार्थ्यांचे शिक्षण नीट झाले आणि यंदाच्या प्रयोगातून काही ठाम निष्कर्ष निघाला, तर आपले पद कायम करण्याची शिफारस करता येईल. न निघाल्यास प्रयोगशाळा चालू ठेवावी की नाही, याचा खात्याला विचार करावा लागेल.

महिपतरावांनी त्या ओळी तीनदा वाचल्या. खरे सांगायचे तर ते घाबरले. पण ही भीती त्यांनी कोणाला दाखवली नाही. त्यांनी टाक उचलला आणि उलट टपाली तीन शब्द कळवले, 'सर्व सोय आहे.'

सोय कुठलीच नव्हती, हे त्यांना पत्र टपालात पडल्यावर आठवले.

पहिला बेत मुलांना स्वतःच्याच घरी ठेवण्याचा होता. घर लहान, पण पडवी ऐसपैस. बेत नुसता जाहीर व्हायचा अवकाश, शेजारचे गंगारामतात्या पायरीवर येऊन बसले. तात्या बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून सल्ला देण्याचे काम पूर्णवेळ करीत होते.

"महिपत, मुंबईची पोरं ती," तात्या म्हणाले. "त्यांना चार वेळा चहा लागतो. इस्त्रीचे कपडे लागतात. आणि बोलता बोलता ती तुला इंग्रजीत काहीतरी विचारतील. त्याची तयारी ठेव."

"मला इंग्रजीत विचारणारा अजून जन्माला यायचा आहे," महिपतराव म्हणाले.

पलीकडच्या ठमाबाईंची हरकत निराळी होती. दोन्ही घरांची विहीर एक आणि ठमाबाईंची नात लग्नाची. "दोन तरणे पोरगे पडवीत आणून बसवलास," त्या म्हणाल्या, "तर माझ्या पोरीनं कळशी भरायची कुठनं? बोटीवरनं?" महिपतरावांनी विद्यार्थिदशेतील ब्रह्मचर्यावर दहा मिनिटे विवेचन केले. ठमाबाईंनी ते पुरते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण पोरगे पडवीत नाय."

तेव्हा असे ठरले की मुले जेवायला सुर्व्यांकडे येतील आणि राहतील प्रयोगशाळेत. महिपतरावांनी पुण्याला दोन खाटा आणि एक कंदील मागणारा अर्ज केला. पुण्याने विचारले, प्रयोगशाळेत खाटा कशाला? महिपतरावांनी खुलासा केला. पुण्याने खुलासा योग्य त्या टेबलाकडे पाठवला. त्या टेबलाने कळवले की सरकारी इमारतीत माणसे वस्तीला राहणार असतील, तर आरोग्यखात्याचा दाखला लागेल. आरोग्यखात्याचे निरीक्षक सायकल ढकलीत सडा चढून आले, दोन्ही खोल्यांत फिरले, घाम पुसला आणि दाखला लिहून दिला. इमारत वस्तीला योग्य आहे. मात्र झोपण्याच्या जागी नासणारा माल ठेवण्यास सक्त मनाई आहे.

"पण ही आंब्याची प्रयोगशाळा आहे," महिपतराव म्हणाले.

"असू दे की," निरीक्षक म्हणाले. "फक्त आंबे ठेवू नका."

अशा रीतीने विद्यार्थी प्रयोगशाळेत आणि प्रयोग महिपतरावांच्या माजघरात, अशी वाटणी झाली. पुढच्या सगळ्या रामायणाचे मूळ त्या दाखल्यात आहे. महिपतरावांनी तो जपून फाइलला लावला. खाटा मात्र शेवटपर्यंत आल्या नाहीत. कंदील आला, तो काचेशिवाय.

एप्रिलात बोटीने मुले आली. मुंबईची पोरे म्हणून गावाने कल्पना केली होती, त्यातले एकही लक्षण त्यांच्यात नव्हते. एक बाबू साळवी. हेदवीच्या आतल्या बाजूच्या एका गावचा, बाप मुंबईत गिरणीत. अंगाने काटकुळा, बोलणे कमी, हातात कायम वही. तो शिष्यवृत्तीवर शिकत होता आणि येथून चांगला दाखला नेला तरच ती पुढे चालू राहणार होती. हे त्याने पहिल्याच दिवशी खाली मान घालून सांगून टाकले. दुसरा धाकू मयेकर, बुरोंडीचा. त्याच्या घरी होडी होती आणि कॉलेजात गेलेला तो गावातला पहिलाच. त्याने येताना सोनूबाईंसाठी सुक्या बांगड्यांची पुडी आणली होती. सोनूबाई म्हणजे महिपतरावांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हते. धाकूने पहिल्या जेवणाला चौथ्यांदा भात मागितला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि तो काही चुलीच्या धुराने लावला नव्हता.

शिक्षण सुरू झाले. महिपतरावांना वाटले होते की आपण बोलू आणि मुले लिहून घेतील. बाबू लिहून घेई खरा, पण लिहून झाले की विचारी.

"सर, तापमापक कुठे आहे?"

"पुण्याला. दुरुस्तीला पाठवलाय."

"सर, इथे कपाटात एक आहे," धाकू आतून ओरडला. "दोन तुकड्यांत."

"तो निराळा," महिपतराव म्हणाले आणि विषय बदलून आंब्याच्या मोहोरावर गेले.

यंदाचा प्रयोग मोठा होता. आंबा झाडावरून किती तयार झाल्यावर उतरवला म्हणजे दहा दिवसांच्या प्रवासात टिकेल आणि पोचल्यावर नीट पिकेल, हे ठरवायचे होते. लाहोरच्या व्यापाऱ्यांनी खात्याकडे तशी विचारणा केली होती. आपल्याकडे आंब्याची तयारी आण्यांत मोजतात, हे बाबूला ठाऊकच होते. पूर्ण जून झालेला, झाडावर पाड लागण्याच्या, म्हणजे पिकू लागण्याच्या, बेतातला तो सोळा आणे. त्याखाली पंधरा, चौदा, तेरा, बारा. देठाजवळचे खांदे किती भरले, सालीवर तेज किती आले, त्यावरून नजरेने ठरवायचे. महिपतरावांची नजर या बाबतीत खरोखर चांगली होती. इथे त्यांच्या आत्मविश्वासाला आधार होता, हे त्यांच्या निंदकांनीही कबूल करावे.

चार पेट्या भरल्या. एक नंबरात सगळे बारा आणे, दोन नंबरात तेरा, तीन नंबरात चौदा, चार नंबरात पंधरा. प्रत्येक पेटीत अठ्ठेचाळीस आंबे, बारांचा एक थर असे चार थर, मध्ये भाताचा पेंढा. बाबूने प्रत्येक आंब्यावर खळ लावून कागदाची चिठ्ठी चिकटवली. धाकूने झाकणे ठोकली. दाखल्यातील सक्त मनाईप्रमाणे पेट्या हातगाडीवरून महिपतरावांच्या माजघरात आल्या.

"या पेट्या पुण्याच्या साहेबांसाठी आहेत," महिपतरावांनी सोनूबाईंना बजावले. "दहा दिवसांनी साहेब स्वतः येतील. त्यांच्यासमोर उघडायच्या. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"भरलंय काय त्यात?"

"या पेटीत सगळे बारा आणे. त्या पेटीत सगळे पंधरा."

"एका पेटीत सगळे कच्चेच? आनि एकीत सगळे तयारच?"

"होय."

"मग साहेब खानार काय?"

"साहेब खात नाहीत. साहेब पाहतात."

सोनूबाई गप्प राहिल्या. महिपतरावांनी ती संमती समजली. लग्नाला अठरा वर्षे झालेल्या माणसाने असे समजायला नको होते.

सोनूबाईंच्या माहेरी मोठी बाग होती. दर वर्षी सासरी गेलेल्या लेकींना, व्याह्यांना, मुंबईच्या भावकीला तिथून आंब्याच्या पेट्या जात आणि त्या भरण्याची एक ठरलेली रीत होती. तळाशी हिरवा, त्यावर निमतयार, त्यावर जरा जास्त आणि सगळ्यात वर तयार. पेटी उघडली की त्याच दिवशी घरच्यांच्या तोंडात आंबा पडला पाहिजे आणि मग आठ दिवस रोज थोडा थोडा पिकत राहिला पाहिजे. सगळे कच्चे पाठवले, तर तुम्ही खाऊ नये अशी आमची इच्छा आहे, असा अर्थ होई. सगळे तयार पाठवले, तर आमच्याकडचे उरलेसुरले तुमच्या गळ्यात मारले, असा. सोनूबाईंच्या थोरल्या बहिणीच्या सासरी एकदा चुकून एकाच तयारीच्या आंब्यांची पेटी गेली होती, तर दोन वर्षे येणेजाणे बंद होते. आणि इथे तर एक नव्हे, चार पेट्या तशा भरलेल्या आणि उघडणारा नवऱ्याचा साहेब. या पेट्यांवर नवऱ्याची नोकरी अवलंबून आहे, हे सोनूबाईंना माहीत होते. म्हणूनच त्यांना स्वस्थ बसवेना.

महिपतरावांना यातले काही कळले ते दहा दिवसांनी. आपल्याला आत्ताच कळायला हरकत नाही. दुसऱ्याच दिवशी महिपतराव मुलांना घेऊन झाडांचे घेर मोजायला बागेत गेले. सोनूबाईंनी ठमाबाईंना हाक मारली, कोयतीने झाकणे उचकटली आणि चारही पेट्या चटईवर रिकाम्या केल्या.

"बाय माझे! ही कागदं कसली?" ठमाबाई म्हणाल्या.

"पोरांनी चिकटवलीत. खळ लागलीय गो आंब्याला. साहेब काय खळ खानार?"

दोघींनी एकशे ब्याण्णव आंबे ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केले. मग सोनूबाईंनी हाताने चाचपीत, नाकाला लावीत पेट्या पुन्हा भरल्या. प्रत्येक पेटीत तळाला बारा आणे, त्यावर तेरा, त्यावर चौदा, वर पंधरा. वरच्या थरातल्या मधल्या आंब्याला हळदकुंकवाचे बोट लावले, पेंढा झटकून घातला आणि खिळे होते त्याच भोकांत परत ठोकले. महिपतराव आले तेव्हा पेट्या जागच्या जागी होत्या.

पुढचे दहा दिवस महिपतराव रोज सकाळी माजघरात जात, प्रत्येक झाकणावर दोन टिचक्या मारीत आणि वहीत 'ठीक' असे लिहीत. बाबूला एक शंका होती.

"सर, तीन नंबरची पेटी चुलीच्या भिंतीला लागून आहे. तिथे ऊब जास्त. चौदा आणे लवकर पिकतील. फिरवून ठेवूया का?"

"बाळा," महिपतराव म्हणाले, "प्रयोगात एकदा ठेवलेली वस्तू हलवायची नसते. हा पहिला नियम."

बाबूने तो नियम वहीत उतरवला आणि पुढे एक बारीक प्रश्नचिन्ह काढले. ते महिपतरावांनी पाहिले. त्यांना ते लागले.

दहाव्या दिवशी साहेब आले. उंच, चष्मा लावणारे, मितभाषी गृहस्थ. नुकतेच काही महिने विलायतेत राहून शेतीच्या प्रयोगांचे शिक्षण घेऊन परतले होते. घाटातून मोटारीने हाडे खिळखिळी झाली असणार, पण तक्रार नाही. पेट्या घरी आहेत हे ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. महिपतरावांनी दाखला दाखवला. साहेबांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि मुकाट्याने घरी आले. पडवीत चटया अंथरल्या होत्या. गंगारामतात्या 'एक नागरिक' म्हणून हजर होते. सोनूबाई माजघराच्या दाराआड उभ्या होत्या.

"एक नंबर. बारा आणे," महिपतरावांनी घोषणा केली आणि धाकूने झाकण काढले.

पेंढा बाजूला होताच घमघमाट सुटला. वरचा थर सोन्यासारखा पिवळा. साहेब वाकले.

"बारा आण्यांवर उतरवलेला आंबा दहा दिवसांत इतका पिकला?"

खरे तर महिपतरावांनाही धक्का बसला होता. पण गप्प राहणे त्यांच्या रक्तात नव्हते. "बारा आणे आंब्याचे हेच वैशिष्ट्य आहे, साहेब. तो उशिरा सुरू होतो, पण मग झपाट्याने जातो."

"दोन नंबर."

तोच रंग, तोच वास.

"तेरा आणे," महिपतराव म्हणाले, "या बाबतीत बाराचेच अनुकरण करतो."

"आणि हे काय?" साहेबांनी मधला आंबा उचलला. त्यावर कुंकवाचे बोट होते.

महिपतरावांनी ते बोट पाहिले. लग्नापासून दर वर्षी त्यांच्या सासुरवाडीहून येणाऱ्या पेटीत वरच्या थरात मधोमध असाच एक आंबा असे. त्यांची नजर दाराकडे गेली. दाराआडून सोनूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर समाधान होते. पेट्या कोणी उघडल्या, ते महिपतरावांच्या ध्यानात आले. आयुष्यात प्रथमच त्यांना काही सुचेना.

साहेबांनी पुढचा आंबा उचलला, मग त्याखालचा. चिठ्ठी कुठेच नव्हती. तिसरी पेटी उघडली तर वरचा थर लिबलिबीत होऊन गेलेला, आणि तळाशी हात घातला तर तिथे अर्धेकच्चे आंबे. साहेबांनी हात पुसले आणि चष्मा काढला.

"पेट्या कोणी भरल्या?"

"आम्ही," बाबू म्हणाला. धाकूने पुन्हा सांगितले, "आम्ही दोघांनी, साहेब. पण आम्ही असं भरलं नव्हतं. प्रत्येकावर चिठ्ठी होती."

"चिठ्ठ्या कुठे आहेत?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

"एकतर तुम्ही काम निष्काळजीपणे केलेत," साहेब शांतपणे म्हणाले, "किंवा आता खोटे बोलत आहात. दोन्हीपैकी काहीही असले तरी तुमच्या कॉलेजला मला तसे कळवावे लागेल."

 बाबूने हातातली वही मिटली आणि छातीशी धरली. गिरणीतला बाप, शिष्यवृत्ती, सगळे त्या धरण्यात होते.

महिपतरावांना त्या क्षणी फक्त गप्प राहणे पुरेसे होते. बस्स. मुले परकी होती, सहा आठवड्यांनी बोटीत बसून जाणार होती. दोष त्यांच्याकडे गेला असता आणि महिपतराव कदाचित कायम झाले असते. सात वर्षे त्यांनी या एका शब्दाची वाट पाहिली होती आणि तो त्यांना फार हवा होता. दुसरीकडे खरे सांगावे, तर 'आमच्या प्रयोगाला घरच्यांचा हात लागत नाही' असे ज्यांना दर वर्षी ऐकवले, त्या साहेबांसमोर, शिवाय गंगारामतात्यांसमोर, बायकोने आपले ऐकले नाही, हे कबूल करायचे. महिपतरावांनी तिसराच रस्ता काढला.

"साहेब," ते म्हणाले आणि त्यांच्या आवाजात नेहमीची खणखण नव्हती, "मुलांचा काही दोष नाही. त्यांनी बरोबर भरले होते. पेट्या मागाहून मी उघडल्या. चिठ्ठ्या मी काढल्या. आंबे मी मिसळले. जे काय लिहायचे ते माझ्याबद्दल लिहा."

 बाबूने चमकून वर पाहिले.

"यांनी?"

आवाज माजघरातून आला. पाठोपाठ सोनूबाई पदर सावरीत उंबऱ्याच्या अलीकडे आल्या. परक्या पुरुषासमोर त्या एरवी येत नसत. पण अशा भरलेल्या पेट्यांचे श्रेय दुसऱ्या कोणी घ्यावे, हे सोसण्याच्या पलीकडचे होते.

"यांनी भरल्यात? यांना पेंढा सुदीक नीट घालता येत नाय! मी भरल्यात साहेब, माझ्या हातांनी. ठमाबाईंना विचारा. यांनी पार वंगाळ भरल्या होत्या. एकीत सगळे कच्चे, एकीत सगळे तयार. असं कोन पावन्याला देतं?"

गंगारामतात्यांनी तोंडावर पंचा धरला. महिपतरावांनी डोळे मिटले.

साहेब मात्र एकदम सरळ झाले. "बाई, कशा भरल्यात ते सांगा पाहू."

"रीत हाय तशा. समद्या पेट्या एकसारख्या. तळाला बारा आणे, त्याच्यावर तेरा, मग चौदा, वरती पंधरा. हरएक थरात बारा आंबे. एक हिकडचा तिकडं झाला नाय. हातात घेतला की कळतो ओ."

"चारही पेट्यांत प्रत्येक प्रकार?"

"मग? एकीत कमी केला तर ती पेटी रुसंल."

साहेबांनी कोट काढला आणि चक्क चटईवर मांडी घातली. मुलांना हाताशी घेऊन त्यांनी एकेक पेटी थराथराने रिकामी केली. पेटीची एक ओळ, थराची एक रांग, असे एकशे ब्याण्णव आंबे पडवीभर मांडले गेले. आंबे दाबून, हुंगून, कापून बाबूने आकडे लिहिले, धाकूने चव सांगितली आणि जरा गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितली. अर्ध्या तासाने साहेब हसायला लागले. ते हसू शकतात हे महिपतरावांना सात वर्षांत ठाऊक नव्हते.

"सुर्वे, इकडे या. ही तीन नंबरची पेटी पाहा. हिच्यातले चारही प्रकार बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेत. ही कुठे होती?"

"चुलीच्या भिंतीला," बाबू हळूच म्हणाला.

"आणि तुमच्या बेताप्रमाणे हिच्यात काय असणार होते?"

"सगळे चौदा आणे," महिपतराव म्हणाले. सांगताना त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते.

"म्हणजे सगळे चौदा आणे उबेने नासले असते आणि मी खात्याला लिहिले असते की चौदा आणे आंबा टिकत नाही. आता पाहा. बाकी तीन पेट्यांत चौदाचा थर कसा आहे? डाग नाही. बारा सुरकुतले, तेराला गोडी नाही, पंधरा फार पिकून उतरायला लागले. चौदा आणे! लाहोरला चौदा आणे. ऊब लागली तर चारही प्रकारांना सारखीच लागली, म्हणून हे कळले. ही मांडणी मी विलायतेत शिकून आलो. तिकडे अजून ती नवी समजतात." मग ते सोनूबाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला हे कोणी शिकवले?"

"माझ्या आयशीनं," सोनूबाई म्हणाल्या. "आता खाता काय कापलेले, का नुसते बघतच बसनार?"

साहेबांनी खाल्ले. सहा खाल्ले. सातव्याला बाबूने धीर करून शंका काढली की प्रत्येक पेटीत तळाला बाराच असल्यामुळे दाबाचा परिणाम वेगळा कळत नाही, तर पुढच्या वर्षी थर आलटूनपालटून लावावेत. साहेब म्हणाले, शाबास. सोनूबाई म्हणाल्या, तयार आंबा तळाशी घातला तर चेपेल, तेव्हा ते होणार नाही. साहेबांनी आपल्या टिपणवहीत लिहिले, 'विचाराधीन'.

निघण्यापूर्वी त्यांनी प्रयोगवही मागवली. महिपतरावांनी त्यात आगाऊच लिहून ठेवले होते, 'सदर योजना निम्नस्वाक्षरीकाराने आखून अमलात आणली.' साहेबांनी ते वाक्य खोडले.

"निष्कर्ष ठाम आहे. तुमच्या पदाची शिफारस मी आजच करतो. मुलांचे दाखलेही उत्तम जातील. पण प्रयोग प्रत्यक्ष कसा झाला, तसाच वहीत आला पाहिजे. तुमच्या हाताने लिहा, खाली सही करा. नाहीतर पुढे कोणी हाच प्रयोग करू पाहील आणि फसेल."

महिपतरावांनी टाक घेतला. साहेब सांगत गेले, ते लिहीत गेले. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला. "साहेब, हे 'स्पष्ट सूचनेविरुद्ध' एवढे शब्द..."

"सूचना दिली होती ना?"

"दिली होती."

"मग लिहा."

महिपतरावांनी लिहिले. आपले सर्वांत घोटीव अक्षर वापरून लिहिले आणि खाली पूर्ण सही केली. (कायम नेमणुकीचा हुकूम आषाढात आला. त्यात पुढच्या वर्षी बारा विद्यार्थी येतील असेही कळवले होते.)

मोटार गेली, मुले सड्यावर परतली, तात्या बातमी घेऊन बाजाराच्या दिशेने तातडीने निघाले. महिपतराव वही मांडीवर घेऊन पडवीत बसून राहिले. सोनूबाई साली गोळा करीत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"एवढं काय लिवून घेतलं ओ तुमच्याकडनं?"

काहीही सांगता आले असते. 'आंब्याचे आकडे' म्हटले असते तरी चालले असते. महिपतरावांनी वही उघडली, घसा खाकरला आणि वाचले.

"'प्रयोगशाळा साहाय्यकाच्या स्पष्ट सूचनेविरुद्ध, चारही पेट्यांची फेरमांडणी सौभाग्यवती सोनूबाई महिपत सुर्वे यांनी स्वतःच्या ज्ञानाने केली. प्रयोगाचा निष्कर्ष त्यांच्या मांडणीमुळेच मिळू शकला.'"

सोनूबाईंचे हात थांबले. त्या साली तशाच पदरात धरून त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांनी वहीवरच्या ओळींकडे पाहिले.

"माझं नाव कुठचं?"

महिपतरावांनी बोट ठेवून दाखवले.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.